आधीचं मिटवू का?

लाईट गेली तर जाऊ द्या. अश्वजित, तो मोबाईल पालथा ठेव बाबा, उजेड डोळ्यांत जातो. काय म्हणालास? फोटो दुसरीकडे टाकत होतास, आणि तो विचारतोय की या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का? मग काही दाबू नकोस. तसाच राहू दे जरा वेळ. या एका प्रश्नावरून मला गफ्फार आठवतो, आणि गफ्फार आठवला की मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक गोष्ट ऐकून घ्या. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या घरात ना देव्हारा, ना अंगारा. भूत म्हटलं की मी पहिला हसणारा माणूस. तेव्हा तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. फक्त शेवटपर्यंत थांबून हसा.

तर गफ्फार त्या दिवशी चंद्रपूरला गेला होता तो एक हार्ड डिस्क आणायला. सोमवार होता, पंधरा मे दोन हजार सहा. बुद्धपौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, आणि ऊन असं की एसटीच्या खिडकीची दांडी हाताला चटका देई. नवी डिस्क त्यानं रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली होती, आणि राजुरा, गडचांदूर करत संध्याकाळी कोरपन्याला उतरला. एकट्या माणसाची खरेदी ती. कुणी विचारायला नव्हतं की काय आणलं.

कोरपन्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं टायपिंगचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे एक खोली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका, सगळं तो एका जुन्या कॉम्प्युटरवर करी. दीड वर्षापूर्वीपर्यंत हे दुकान दोन माणसांचं होतं. गफ्फार आणि त्याची बायको सलीमा.

सलीमा उर्दू शाळेत सहावीपर्यंत शिकलेली. उर्दू झरझर वाची, पण मराठी-इंग्रजी अक्षर तिला येत नसे. आणि कॉम्प्युटरवर उर्दू कुठली असायला? गफ्फार कचेरीत कागद पोहोचवायला गेला की मागे गिऱ्हाईक येई, निरोप ठेवून जाई. तो लिहायचा कसा? मग गफ्फारनं युक्ती काढली. कॉम्प्युटरला माईक जोडला आणि त्यातलंच आवाज भरायचं साधं यंत्र तिला शिकवलं. लाल गोल दाबायचा, बोलायचं, थांबायचं. ते यंत्र एका वेळी साठच सेकंद ऐके, म्हणून सलीमा निरोप घाईघाईनं सांगे. "ऐका जी, पारडीचा लच्छू आला होता, त्याचा जातीचा अर्ज उद्या पायजे, अन् येताना कांदे आना."

फाईलीला नाव द्यायचं तर तिला एकच अक्षर माहीत, तिच्या नावाचं एस. पहिल्या फाईलीचं नाव एस. दुसऱ्या दिवशी तेच नाव दिलं की मशीन विचारी, या नावाची आधीच आहे, बदलू का? गफ्फारनं शिकवल्याप्रमाणे ती 'नाही' दाबी आणि आणखी एक एस जोडी. मग दोन एस, तीन एस, अशी रांगच लागली. मी एकदा दुकानात बसलो असताना मला म्हणाली, "गुरुजी, हे मशीन मले रोज विचारते, आधीचं मिटवू का. म्या म्हनलं काऊन मिटवतं बापा, राहू दे ना."

गफ्फार निरोप ऐकून झाल्यावर बऱ्याच फाईली पुसून टाकायचा. तरी तेवीस राहून गेल्या होत्या.

तेविसावी होती नऊ ऑक्टोबर दोन हजार चारची. शनिवार होता, रमजानला आठवडा उरला होता. गफ्फार चंद्रपूरला गेला होता, प्रिंटर दुरुस्त करून आणायला. सलीमाला दोन दिवस ताप होता, पण सकाळी उतरला होता, तीच म्हणाली जाऊन या. संध्याकाळी ताप उलटून चढला. मलेरिया डोक्यात गेला, असं नंतर कळलं. इकडे गफ्फारची कोरपन्याची शेवटची एसटी चुकली, ती लवकर सुटली असं तो सगळ्यांना सांगे, आणि तो रात्रभर स्टँडवर बसून राहिला. शेजारच्या अंजनाबाईनं रात्री आठ वाजता दार ढकललं तेव्हा सलीमा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत होती, शुद्ध नव्हती. जीप आणली, पण दवाखान्याच्या वाटेतच गेली बिचारी. गफ्फार सकाळी पोहोचला तेव्हा गल्लीत माणसं उभी होती.

कॉम्प्युटरवर ती शेवटची फाईल होती. भरल्याची वेळ संध्याकाळी सात दहा.

गफ्फारनं ती ऐकली नाही. दीड वर्ष ऐकली नाही. सलीमाचा एक साधा फोटोही धड नव्हता, लग्नातल्या फोटोत तोंडावर सेहऱ्याची सावली. जे काही उरलं होतं ते या तेवीस फाईलींत. बाकीच्या बावीस तो कधीकधी लावी, कांदे आणा, चुना आणा, लच्छू आला होता. तेविसावीवर हात गेला की उठून बाहेर जाई. तिनं मरताना आपल्याला काय म्हटलं असेल, हे ऐकायची त्याची छाती होत नव्हती. आणि न ऐकता ती फाईल हरवली असती, तर तेही त्याला सोसलं नसतं.

आणि मे महिन्यात ती जुनी डिस्क वाजायला लागली. टक्. टक्. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे, असा आवाज आला की डिस्क चार-सहा दिवसांची सोबती. म्हणून ती चंद्रपूरची खेप.

तेव्हा लोडशेडिंग असं होतं की दिवसा लाईट म्हणजे पाहुणी. कोरपन्यात रात्री साडेदहाला येई आणि एकला जाई. गफ्फार जेवला नाही. साडेदहाला पंखा फिरला तसा उठला, मशीन उघडलं, नवी डिस्क जुनीच्या शेजारी जोडली, कोरी करून घेतली. बाहेर गल्ली निजलेली. अंजनाबाईची बाज अंगणात, तिचा खोकला मधूनमधून ऐकू येई, मग तोही थांबला.

आधी पत्रिका, अर्ज, सगळी कामाची कागदं नव्या डिस्कवर घेतली. जुनी डिस्क टकटक करत होती, पण देत होती. मग त्यानं सलीमाचा फोल्डर उचलला. बावीस फाईली सरसर गेल्या. तेविसावीवर येऊन काम थांबलं, आणि पडद्यावर खिडकी उघडली.

या नावाची फाईल इथे आधीच आहे. बदलायची का?

गफ्फारला आधी हसू आलं. "अरे बापा, कोऱ्या डिस्कवर कुठून आली?" असं तो मोठ्यानं बोलला. ही खिडकी दोन्ही फाईलींची माहिती दाखवते, वर आधीची, खाली येणारी. खाली लिहिलं होतं नऊ ऑक्टोबर दोन हजार चार, सात दहा. वर लिहिलं होतं, शून्य केबी. आज. अकरा बावन्न.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा बावन्न झाले होते.

गफ्फार घाबरट नव्हता. डिस्क मरते तेव्हा मशीन काय म्हणतं हे त्याला पाठ होतं. ते म्हणतं, वाचता येत नाही. 'आधीच आहे' असं म्हणत नाही. त्यानं रद्द केलं आणि नव्या डिस्कवरचा फोल्डर उघडून पाहिला. बावीस फाईली. तेविसावी नव्हती. लपवलेल्या फाईली दाखव म्हटलं, तरी नव्हती. व्हायरस असेल म्हणून तपासलं, तोही नव्हता.

त्यानं एकटी तेविसावी उचलून पुन्हा टाकली.

आधीच आहे. बदलायची का? वरच्या फाईलीपुढे आता लिहिलं होतं, सहासष्ट केबी. आज. अकरा अठ्ठावन्न.

मग त्यानं दुसरा फोल्डर केला, नवं नाव दिलं. तिथेही तेच. टेबलाच्या खणात फ्लॉपीचं न फोडलेलं पाकीट होतं. ते फोडलं. "आता इथी तरी कोनी नाई ना," असं म्हणत फ्लॉपी आत सारली. फ्लॉपी कोरी, कंपनीतून आलेली.

आधीच आहे.

एकशे दहा केबी.

आता त्याचा हात माऊसवरून सुटला. आवाजाच्या एका सेकंदाला बावीस केबी लागतात, हे गफ्फारला तोंडपाठ. सहासष्ट म्हणजे तीन सेकंद. एकशे दहा म्हणजे पाच. मधे काय झालं होतं? मधे तो बोलला होता. पहिल्यांदा तीन सेकंदांचं वाक्य. आत्ता दोन सेकंदांचं.

त्यानं रद्द केलं. ओठ मिटून पुन्हा टाकली. एकशे दहा. पुन्हा रद्द, पुन्हा टाकली. एकशे दहा... वाढली नाही.

मग तो हळू म्हणाला, "कोन आहे?"

पुन्हा टाकली.

एकशे बत्तीस.

रोशनी, इकडे सरकून बस. हसतेस ना? हस. मीही पहिल्यांदा ऐकताना हसलो होतो, आणि गफ्फार माझ्याकडे नुसता बघत राहिला होता.

गफ्फारला समजलं ते एवढंच. त्या बाजूला कुणीतरी लाल गोल दाबून बसलं होतं. आणि ऐकत होतं. त्यानं पाठीमागे वळून पाहिलं नाही. मागे खोलीचं दार होतं, आणि दाराच्या आत सलीमाची पेटी. तो पडद्याकडेच पाहत राहिला. पंख्याचं पातं एका बाजूला घासत होतं. जुनी डिस्क आता भराभर वाजत होती. टक्. टक्. टक्.

बारा चाळीस झाले.

एकला लाईट जाणार. कॉम्प्युटरच्या बॅटरीचा डबा कधीचा मेलेला. आणि ही डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. जुन्या डिस्कवरूनच फाईल वाजवून पाहू, निदान एकदा कानावर पडू दे, म्हणून त्यानं शेवटी छाती करून ती उघडली. काटा शून्यावर. हलला नाही. नुसती टकटक.

म्हणजे रस्ता एकच. खिडकीतल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं.

'होय' म्हटलं तर सलीमाचं शेवटचं बोलणं नव्या डिस्कवर येईल. पण तिथे जे कोण ऐकत बसलंय ते मिटेल. 'नाही' म्हटलं तर ते राहील, आणि सलीमाचं बोलणं या मरत्या डिस्कसोबत जाईल. कायमचं. ऐकलं नाही ते नाहीच.

त्याच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं रे. मूल नाही, भाऊ नाही. एका बाईचा साठ सेकंदांचा आवाज. तोही न ऐकलेला.

आणि तेव्हा तो रडला. दीड वर्षात पहिल्यांदा, खुर्चीत ताठ बसून. आणि बोलला. तो काय बोलला ते त्यानं मला शब्दाशब्दानं सांगितलं, आणि मी तुम्हाला तसंच सांगतो, कारण त्यात माझं नाव आहे.

"सलीमा," तो म्हणाला. "गाडी लवकर सुटली नव्हती वं. सगळ्यायले खोटं सांगतलं म्या. मी चाय पीत बसलो होतो. वामन गुरुजी स्टँडवर भेटले, म्हने अजून एक कप घेऊ. अन् मी बसलो. गाडी डोळ्यासमोरून गेली, मले वाटलं अजून एखादी असन..."

हो. तो दुसरा कप मी मागवला होता. त्या संध्याकाळी मीही कामानिमित्त चंद्रपूरला होतो, आणि माझा मुक्काम तिथेच होता. माझं काय गेलं?

खिडकी उघडी असताना आतला आकडा कधी हलत नाही. गफ्फारनं शपथेवर सांगितलं, तो हलत होता. तीनशे. पाचशे. सातशे... भरभर.

"मी आलो आता," तो म्हणाला. "उशीर झाला. पन आलो. घाबरू नोको. मी इथीच बसलो आहो तुह्याजवळ."

आकडा तेराशे वीसवर थांबला. साठ सेकंद भरले होते.



पंखा. टकटक. बारा छप्पन्न... सत्तावन्न.

त्याच्या पाठीमागे, खोलीच्या दारातून, गार हवा आली. मे महिन्यात. त्याच्या मानेवर. आणि पंख्याचं घासणं ऐकू येईना...

तो वळला नाही.

त्यानं माऊसवर हात ठेवला. सलीमाचा आवाज हवा असेल तर 'होय' दाबायचं होतं. त्याला ते ठाऊक होतं. पण समोर जे बसलं होतं ते 'आज' होतं, आणि ते त्याचं ऐकून घेत होतं. त्याला पुसायला त्याचा हात धजेना.

त्यानं 'नाही' दाबलं.

खिडकी मिटली. जुनी डिस्क एकदा मोठ्यानं वाजली... आणि थांबली. एक वाजायला दोन मिनिटं असतानाच लाईट गेली.

अंधारात तो सकाळपर्यंत बसून राहिला. भीती कधीच गेली होती. आपण आपल्या हातानं तिला दुसऱ्यांदा एकटं सोडलं, एवढंच त्याच्या डोक्यात. मला म्हणाला, "गुरुजी, त्या रातीले भूत येतं तं बरं झालं असतं. कोनी तं आलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास लाईट आली तेव्हा मी तिथे होतो. सकाळीच त्यानं मला बोलावणं धाडलं होतं. जुनी डिस्क जोडून पाहिली, फिरलीच नाही, निव्वळ पत्रा. मी म्हटलं, बावीस तर आहेत ना रे, त्यांवर समाधान मान. बोलून गेलो, आणि बोलल्याबरोबर मला माझीच लाज वाटली. त्यानं नव्या डिस्कवरचा फोल्डर उघडला.

तेवीस होत्या.

तो हात लावेना. मग मीच ती फाईल उघडली. विज्ञानाचा मास्तर मी, म्हटलं बघू तरी.

आधी नुसता श्वास. तापातला, तुटत तुटत. मग सलीमा. घाई नव्हती या वेळी, शब्द जड झाले होते. "ऐका जी... अंग लई तापलं माह्यं. अंजनाबाईले आवाज देल्ला, ऐकू नाई गेला वाटते. डोळ्यापुढं काईच दिसून नाई राह्यलं." मग, "तुमी कुठी आहा?"

गफ्फारनं डोळे मिटून घेतले होते.

आणि त्या फाईलीत, सलीमाच्या पाठोपाठ, थोडा लांबून पण स्पष्ट, एका पुरुषाचा आवाज आला. रडून बसलेला.

"मी आलो आता. उशीर झाला. पन आलो. घाबरू नोको. मी इथीच बसलो आहो तुह्याजवळ."

त्या रात्री कॉम्प्युटरला माईक नव्हता. तो सलीमा गेल्यावर तुटला तो तुटलाच, पुन्हा आणला नव्हता. हे मी स्वतः तपासलं, मागची भोकं बोटानं चाचपून.

मग पुन्हा सलीमाचा श्वास. पण आता तुटत नव्हता. लहान मूल झोपेला येतं तसा संथ होत गेला. आणि अगदी शेवटी ती म्हणाली, "आले का... बरं झालं. बसा मग. निजते मी."

त्यावर साठ सेकंद संपतात.

गफ्फार अजून आहे कोरपन्यात, दुकानही आहे. ती फाईल मी त्याच्याकडे किती वेळा ऐकली ते विचारू नका. दरवेळी ऐकण्याआधी मी तिची तारीख बघतो. एखाद्या दिवशी तरी तिथे मे महिना दिसेल, आणि मला सगळं समजावून सांगता येईल, असं मला वाटत असतं. दिसत नाही. फाईलीवर लिहिलेलं आहे नऊ ऑक्टोबर दोन हजार चार, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं.